दानासाठी निधी कोणता निवडावा?



रमजानचा चंद्र दिसण्यापूर्वीच आपल्या घरी पावतीपुस्तके येऊ लागतात. मदरसा, यतीमखाना, रुग्णमदत, विद्यार्थी-शिष्यवृत्ती, मशिदीचे बांधकाम. आता त्यांत भ्रमणध्वनीवर येणाऱ्या आवाहनांचीही भर पडली आहे. देणाऱ्याचा हात सैल असतो, मनही मोकळे असते. अडचण एवढीच की द्यावे कोठे, हे कळत नाही. मग जो शेवटी दारात आला त्याला दिले जाते, किंवा ज्याचा आवाज मोठा त्याला. दान केले याचे समाधान लाभते. ते ठिकाणी पोहोचले का, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

गतवर्षी शाबान महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर शहापूर तालुक्यातील दोन भाऊ व त्यांची बहीण माझ्याकडे आली. समृद्धी महामार्गात त्यांची वडिलोपार्जित जमीन गेली होती. मोबदल्याची रक्कम शरीअतप्रमाणे वाटली गेली होती. थोरल्याच्या वाट्यातील १२ लाख रुपये शिल्लक होते आणि त्यांवर चांद्र वर्ष पूर्ण झाले होते. शिवाय तिघांनी मिळून मरहूम आईच्या ईसाले सवाबसाठी २ लाख रुपये बाजूला काढले होते. थोरल्याचे म्हणणे होते की सर्व रक्कम मशिदीच्या फरशीला द्यावी. धाकट्याला मुंबईच्या एका मोठ्या संस्थेच्या निधीत ती भरावयाची होती. बहीण हळूच म्हणाली, “इमामसाहेब, मुरबाडला आमची चुलतबहीण बेवा झाली आहे. तिच्याकडे कोणीच बघत नाही.”

तिघांचीही नियत चांगली होती. मतभेद नियतीचा नव्हता, निवडीचा होता. त्या दिवशी त्यांच्यासमोर जे मांडले, तेच आज थोडे विस्ताराने आपल्यासमोर ठेवीत आहे.

निवडीचा सल्ला विचारणे ही सुन्नत आहे

कोणी म्हणेल, अल्लाहच्या मार्गात देताना एवढा विचार कशाला? याचे उत्तर हजरत अबू तल्हा (रजि.) यांच्या प्रसंगात आहे. मदीनेत मशिदे-नबवीसमोर बैरुहा नावाची त्यांची बाग होती. ती त्यांना सर्वांत प्रिय होती. आपणास प्रिय असलेल्या वस्तूतून खर्च केल्याशिवाय नेकी प्राप्त होत नाही, या आशयाची सूरह आले-इमरानमधील आयत अवतरली, तेव्हा ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले. ही बाग आता अल्लाहसाठी आहे, आपणास योग्य वाटेल तेथे ती लावावी, असे त्यांनी विनविले. प्रेषितांनी त्यांची प्रशंसा केली आणि ती नातेवाइकांत वाटावी असा सल्ला दिला. सहीह बुखारीत हा प्रसंग आला आहे.

यात आपल्यासाठी दोन बोध आहेत. देण्याचा निर्णय दात्याचा असतो. परंतु कोठे द्यावे याविषयी जाणत्यास विचारणे कमीपणाचे नाही. आणि प्रेषितांनी दिलेले उत्तर दूरचे व भव्य नव्हते, जवळचे होते.

पहिला प्रश्न : ही रक्कम कोणती आहे?

निधी कोणता, हे विचारण्यापूर्वी आपल्या हातातील रक्कम कोणती, हे ठरवावे. कारण इस्लाममध्ये सर्व दान एकाच नियमाने चालत नाही.

जकात हा हक्क आहे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या निसाबाइतकी संपत्ती ज्याच्याकडे वर्षभर आहे, त्याच्या धनातील चाळिसावा भाग त्याचा राहिलेलाच नसतो. तो कोणाचा, हे अल्लाहने सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत आठ गट सांगून निश्चित केले आहे : फकीर, मिस्कीन, जकातीचे काम करणारे, ज्यांची मने जोडावयाची आहेत ते, गुलामीतून सुटू पाहणारे, कर्जबाजारी, अल्लाहच्या मार्गातील आणि अडचणीत सापडलेला प्रवासी. जकात गरजू व्यक्तीच्या मालकीत गेली पाहिजे, असे आपल्याकडे प्रचलित असलेल्या दोन्ही मसलकांचे, म्हणजे हनफी व शाफई फुकहांचे, सामान्य मत आहे. म्हणून मशिदीची फरशी, कब्रस्तानाची भिंत, सार्वजनिक विहीर यांत जकात लागत नाही. आपले आई-वडील, मुले यांनाही ती देता येत नाही. मात्र गरजू भाऊ, बहीण, मावशी, चुलतभावंडे यांना देता येते.

नफल सदका, ज्याला आपण लिल्लाह म्हणतो, त्याचे क्षेत्र विस्तीर्ण आहे. मशीद, पाणी, दवाखाना, वाचनालय, शाळकरी मुलांचा प्रवासखर्च, या सर्वांत तो लागतो.

वक्फ म्हणजे मूळ मालमत्ता कायम राखून तिच्या उत्पन्नाचा लाभ देणे. बँकेतील व्याजाची रक्कम ही तर दानच नव्हे. सवाबची अपेक्षा न ठेवता ती आपल्या मालातून काढून टाकावयाची असते. ती जकातीत मिसळू नये.

येथे माझी स्वतःची चूक सांगणे मला आवश्यक वाटते. इमामतीच्या पहिल्या वर्षांत एका वस्तीत विहिरीचा पंप जळाला. उन्हाळा होता, बायाबापड्या हंडे घेऊन दूरवर जात होत्या. मशिदीत जकात व लिल्लाह एकाच पेटीत पडत असे. मी जमातीच्या मंडळींना म्हणालो, यातून पंप घ्या, गरिबांचेच काम आहे. १८ हजार रुपये खर्च झाले. पुढे माझ्या उस्तादांना हे कळले. त्यांनी एवढेच विचारले, “त्यातली जकात किती होती, आणि ती कोणाच्या मालकीत गेली?” माझ्याकडे उत्तर नव्हते. लोकांनी विश्वासाने दिलेली जकात अदा झाली की नाही, हेच मी संशयात टाकले होते. आम्ही पुन्हा लिल्लाह जमविली, १८ हजार रुपये वेगळे केले आणि गरजू कुटुंबांच्या हाती दिले. त्या दिवसापासून मशिदीत दोन पेट्या आहेत आणि दोन वह्या आहेत. पाण्याचे काम नेकीचेच होते. पैसा चुकीच्या पेटीतला होता.

म्हणून निधी निवडताना पहिली कसोटी हीच : त्या संस्थेत जकात, लिल्लाह आणि इतर रकमा यांची खाती खरोखर वेगळी आहेत का? केवळ पावतीवर चौकटी छापलेल्या असणे पुरेसे नाही.

दुसरा प्रश्न : आज खर्चावयाचे की मूळ राखावयाचे?

निधीचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एक चालू खर्चाचा : आले ते वाटले. दुसरा कायम निधी : मूळ राहते, उत्पन्न वाटले जाते.

दुसऱ्या प्रकाराचा आपला आदर्श हजरत उमर (रजि.) आहेत. खैबरमध्ये त्यांना उत्तम जमीन मिळाली. तिचे काय करावे, हे त्यांनी प्रेषितांना विचारले. मूळ रोखून ठेवावे आणि तिचे फळ सदका करावे, असा मार्ग प्रेषितांनी सुचविला. त्याप्रमाणे ती जमीन विकली जाणार नाही, बक्षीस दिली जाणार नाही, वारशात जाणार नाही, असे ठरले. उत्पन्न गरीब, नातलग, गुलाम, प्रवासी व पाहुणे यांच्यासाठी ठेवले गेले. व्यवस्था पाहणाऱ्याने त्यातून रीतसर खावे, पण संपत्ती जमवू नये, ही अटही त्यात होती. आणि या वक्फची देखरेख हजरत उमर (रजि.) यांनी आपली कन्या उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे सोपविली. ज्या गावांत न्यासाच्या समितीवर एकही बहीण नसते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

इतर देशांतही हा विचार वेगळ्या वाटेने पोहोचला. १९१४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँक-व्यावसायिकाने पहिले कम्युनिटी फाउंडेशन उभे केले. अनेक दात्यांची रक्कम एकत्र ठेवावी, तिचा लाभ त्याच शहराला द्यावा, स्थानिक समितीने गरज पाहून वाटप करावे आणि एखादा हेतू कालबाह्य झाला तर पैसा अडकून पडू नये, अशी ती कल्पना होती. कुवैतमध्ये १९९३ साली वक्फसाठी सार्वजनिक संस्था स्थापन झाली आणि तिने वेगवेगळ्या हेतूंसाठी स्वतंत्र वक्फ-निधी सुरू केले. आपल्या फिकहमध्ये वाकिफची अट फार आदरणीय मानली जाते. म्हणून कायम निधीत देताना अट विचारपूर्वक व लेखी घालावी. ‘अमुक शाळेतील मुलांसाठी’ असे लिहिण्याऐवजी ‘या तालुक्यातील गरजू विद्यार्थ्यांसाठी’ असे लिहिले, तर उद्या ती शाळा बंद झाली तरी दान चालू राहते.

रोख रकमेचा वक्फ होतो का, हा जुना प्रश्न आहे. इमाम जुफर (रह.) यांच्या मताचा आधार घेऊन उस्मानी राज्यातील हनफी उलमांनी त्यास मान्यता दिली, त्यास त्यांच्यातच विरोधही झाला. शाफई मसलकात सर्वसाधारणपणे तो मान्य नाही. आपल्या कोकणी जमातींतील बहुसंख्य कुटुंबे शाफई आहेत. त्यांनी रोख वक्फ करण्याऐवजी निधीच्या माध्यमातून गाळा, जमीन अशी टिकाऊ मालमत्ता घेण्याचा मार्ग आधी पाहावा व आपल्या आलिमांना विचारावे. जमीन वा घर वक्फ करावयाचे असेल, तर २०२५ साली वक्फ कायद्यात झालेले बदल लक्षात घेऊन जाणत्या वकिलाकडून वक्फनामा लेखी करून घ्यावा.

जकात मात्र कायम निधीत अडकवू नये. ती गरिबाची आजची भाकरी आहे. एखादी संस्था जकातीची रक्कम वर्षानुवर्षे मुदतठेवीत ठेवीत असेल, तर आपली जकात अजून वाटेतच आहे असे समजावे. ती कधी वाटली जाईल, हे विचारणे हा दात्याचा हक्क आहे.

तिसरा प्रश्न : जवळ की दूर?

प्रेषितांनी हजरत मुआज (रजि.) यांना यमनला पाठविताना जे शिकविले, त्यात जकात तेथील धनवानांकडून घेऊन तेथील गरिबांना परत द्यावी, हा आशय आहे. पुढे हजरत उमर (रजि.) यांच्या काळात मुआज यांनी यमनच्या जकातीचा एक हिस्सा मदीनेला पाठविला, तेव्हा खलीफांनी हरकत घेतली. येथे घेणारा कोणी उरला नाही म्हणून पाठविले, असे उत्तर आल्यावरच त्यांचे समाधान झाले. इमाम अबू उबैद यांच्या ‘किताबुल अमवाल’मध्ये हा वृत्तान्त आहे.

याच आधारावर शाफई मसलकात स्थानिक हकदार असताना जकात दुसरीकडे नेणे प्रचलित मतानुसार योग्य नाही. हनफी मसलकात ते मकरूह आहे. परंतु दूर नातेवाईक असतील किंवा तेथील गरज अधिक असेल तर चालते. मुंबई, कल्याण वा आखाती देशांत राहून गावी पाठवू इच्छिणाऱ्यांनी हा भेद आपल्या मसलकाप्रमाणे समजून घ्यावा. नफल सदक्याला हे बंधन नाही.

मोठ्या संस्थांची उपयुक्तता मी नाकारीत नाही. दिल्लीत १९९७ साली स्थापन झालेल्या जकात फाउंडेशन ऑफ इंडियासारख्या संस्था उच्चशिक्षण व स्पर्धापरीक्षा यांसाठी जे करू शकतात, ते एका गावच्या जमातीला शक्य नाही. मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम १८७४ पासून शिक्षणाचे काम करीत आहे. तिच्या शाळा-महाविद्यालयांचा लाभ गावोगावच्या मुलांना झाला. मोठे आजारपण, महागडे शिक्षण, आपत्ती यांसाठी मोठा निधी हवाच. परंतु डोळखांबच्या पलीकडील एखाद्या पाड्यात राहणारी बेवा मोठ्या निधीचा अर्ज भरू शकत नाही. तिची माहिती शेजाऱ्यालाच असते. जे दूरच्याला दिसत नाही, ते पाहणे ही जवळच्याची जबाबदारी आहे.

आपल्या भागाचेच पाहा. शहापूर तालुक्यात १८९२ साली पूर्ण झालेले तानसा धरण आहे, भातसा धरण आहे. त्यांचे पाणी मुंबईची तहान भागविते. मुरबाडकडील बारवीचे पाणी कारखान्यांना व शहरांना जाते. आणि याच तालुक्यांतील वाड्या-पाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. हजरत साद बिन उबादा (रजि.) यांनी आईच्या मृत्यूनंतर कोणता सदका उत्तम, असे विचारले असता प्रेषितांनी पाणी हे उत्तर दिले आणि त्यांनी आईच्या नावे विहीर खोदली. आमच्या डोंगराळ मुलखात या हदीसचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पाड्यांवर राहणारे आपले ठाकूर, कातकरी, कोळी शेजारी आपल्या धर्माचे नाहीत. त्यांना काही देता येते का, असे पुष्कळ जण विचारतात. जकात बहुसंख्य फुकहांच्या मते मुस्लिम गरजूंसाठी आहे. परंतु नफल सदका निःसंशय देता येतो. सूरह बकराच्या २७२ व्या आयतीच्या विवरणात मुफस्सिरांनी हेच सांगितले आहे. सूरह दहरमध्ये मिस्कीन, यतीम व कैदी यांना जेवू घालणाऱ्यांची प्रशंसा आहे, आणि त्या काळचे कैदी मुस्लिम नव्हते. पाण्याच्या निधीतून टाकी बसविली, तर तिच्या नळाखाली कोणाचा हंडा आहे हे विचारू नये.

चौथा प्रश्न : अमानतदार कोण?

प्रेषितांनी जकात गोळा करण्यास पाठविलेला एक मनुष्य परत येऊन म्हणाला, एवढे तुमचे आणि एवढे मला भेट मिळालेले. प्रेषितांनी त्याचा हिशेब घेतला आणि मिंबरवरून सर्वांसमोर या वृत्तीचा निषेध केला. आई-बापाच्या घरी बसून राहिला असता तर त्याला या भेटी मिळाल्या असत्या का, असा त्या बोलण्याचा आशय होता. हिशेब मागणे म्हणजे संशय घेणे नव्हे, ही सुन्नत आहे. मुतवल्ली कितीही परहेजगार असला तरी वही लिहिलीच पाहिजे; वहीमुळे त्याचीही अब्रू राहते.

म्हणून कोणत्याही निधीला पुढील गोष्टी विनम्रपणे विचाराव्यात :

१. न्यासाची नोंदणी आहे का? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये नोंदलेल्या न्यासाचा क्रमांक असतो व हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयास द्यावा लागतो. वक्फ संस्था असेल तर तिची नोंद राज्य वक्फ मंडळाकडे असते.

२. गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित हिशेब पाहावयास मिळेल का?

३. कार्यालयाचा व वसुलीचा खर्च कोठून होतो? इमाम शाफई (रह.) यांनी जकात-कर्मचाऱ्यांचा हिस्सा आठव्या भागापर्यंत मानला आहे. आपल्या देशातील अनेक हनफी मुफ्ती खाजगी संस्थेच्या माणसांना ‘आमिल’ न मानता दात्याचे वकील मानतात आणि हा खर्च लिल्लाहमधून करावा असे सांगतात. संस्थेने कोणता फतवा स्वीकारला आहे, ते स्पष्ट असावे.

४. हकदार कसे निवडले जातात, आणि विश्वस्तांचे नातेवाईक त्यांत असल्यास निर्णय कोण घेतो?

५. बांधलेल्या वस्तूच्या दुरुस्तीची तरतूद आहे का? विहीर खोदणारे पुष्कळ मिळतात, दोरी बदलणारे थोडे.

६. मदत देताना गरजूचे छायाचित्र काढून पसरविले जाते का? सूरह बकराच्या २६४ व्या आयतीने उपकार दाखवून व दुखवून सदका वाया घालवू नये असे बजावले आहे. ज्या निधीत घेणाऱ्याची मान खाली जाते, तो कितीही कार्यक्षम असला तरी टाळावा.

आयकरात सवलत मिळते का, हा प्रश्न यानंतरचा आहे. सवलत घेणे नाजायज नाही. २ हजार रुपयांहून अधिक रोख दानावर ती मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम बँकेमार्फत द्यावी. परंतु केवळ सवलतीसाठी निधी निवडणे म्हणजे मोठ्या बाजारात जाऊन फक्त सुटे पैसे मोजीत बसणे होय.

त्या तिघांनी काय केले

शेवटी त्या भावंडांकडे वळू. १२ लाखांवर चाळिसाव्या भागाने थोरल्याची जकात ३० हजार रुपये निघाली. त्याने चुलतबहिणीची चौकशी केली. ती खरोखर हकदार होती. नातेवाइकाला दिलेल्या सदक्यात सदका व सिला-रहमी असे दोन सवाब आहेत, ही हदीस त्याला माहीत होती. पण माहीत असणे आणि आठवणे यांत अंतर असते. हनफी मसलकाप्रमाणे त्याने त्यातील १५ हजार तिच्या हाती दिले. जकात आहे असे तोंडाने म्हटले नाही, कारण तसे सांगणे आवश्यक नसते, दात्याची नियत पुरेशी असते. उरलेले १५ हजार आपल्या तालुक्यातील न्यासाच्या जकात-खात्यात त्याच रमजानमध्ये वाटण्यासाठी दिले.

आईच्या नावच्या २ लाखांपैकी १ लाख ६० हजार पाण्याच्या निधीत गेले. एका पाड्यालगत साठवण-टाकी व पंप बसला. ४० हजार दुरुस्ती व वीजबिलासाठी वेगळे ठेवावेत, ही अट लेखी झाली. ती धाकट्याने सुचविली. मोठ्या संस्थेकडे त्याचे मन का ओढले जात होते, हे मला तेव्हा समजले : त्याला हिशेब हवा होता. त्यात त्याचे काही चुकत नव्हते. आज तोच त्या निधीची वही लिहितो. आणि मशिदीची फरशी? थोरल्याने पुढील पिकानंतर लिल्लाहमधून आपला वाटा दिला.

टाकीवर आईचे नाव लिहावे का, असे बहिणीने विचारले. सूरह बकराच्या २७१ व्या आयतीत उघड दान चांगले आणि गरिबांना गुपचूप दिलेले अधिक चांगले असल्याचे सांगितले आहे, एवढे मी म्हणालो. तिने नाव लिहिले नाही.

वाचकहो, पुढील पावतीपुस्तक दारात येण्यापूर्वी घरातील सर्वांनी एक संध्याकाळ एकत्र बसावे. रक्कम कोणती, आज खर्चावयाची की राखावयाची, जवळ की दूर, आणि हाती कोणाच्या, हे चार प्रश्न कागदावर लिहावेत. स्त्रियांना अवश्य विचारावे. शेजारच्या घरात चूल पेटली की नाही, हे त्यांना आधी कळते. मग अल्लाहवर भरवसा ठेवून द्यावे.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल कमाई, शुद्ध नियत आणि योग्य ठिकाण दाखविणारी समज देवो, आणि आपल्या मरहूमांपर्यंत सवाब पोहोचवो. आमीन.